झाकणाचं माप

रुपालीला वर्गातल्या पोरी मॅडम म्हणायच्या आणि गाव बापाच्या नावाने उकंडाची पोरगी म्हणायचं. पुसदला बी.सी.ए. करून ती भांबरखेडला परत आली, तेव्हा शेजारणीने विचारलं, "आता काय करशीन बाई?" ती म्हणाली, "पोरीयले कॉम्पुटर शिकवीन." शेजारीण हसली नाही, एवढंच काय ते बरं. "शिकव बाप्पा," म्हणाली आणि वाळत घातलेली मिरची उलटीपालटी करत बसली.

पुण्याच्या एका संस्थेने चार लॅपटॉप दिले. त्यातला एक आला तोच आजारी होता, पण तीन धड होते. बौद्धपुऱ्यातल्या समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. पहिले काही महिने पुऱ्यातल्याच पोरी यायच्या. त्यांच्यात मोनाली होती. तिला कॉम्प्युटरचं तसं काही वेड नव्हतं, पण चित्रं अशी काढायची की बघत राहावं. वरच्या आळीतल्या पोरींना तिकडे पाठवायला लोक तयार नव्हते. कारण कोणी सांगत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. मग एक दिवस भागीरथाबाई आपल्या सुरभीला हाताला धरून घेऊन आली. समाजमंदिराच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "मॅडम, हिले बसवा. घरी डोकं खाते माहं." ती आली म्हणून मागून दोघी-तिघी आल्या. भागीरथाबाईचं ते एवढंसं वाक्य रुपाली कधी विसरली नाही.

सुरभी दहावीत. अंगाने काडी आणि डोक्याने अशी, की रुपालीने एक सांगावं आणि तिने पुढचं दोन करून दाखवावं. पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून फोनचं ॲप बनवायचं ते शिकवणं सुरू झालं, आणि ही पोरगी सोडायला तयार नाही. लाइट गेली तरी बसून राहायची, येईल म्हणून. रुपालीला वाटायचं, आपलं सगळं शिक्षण या एका पोरीसाठी झालं असेल तरी चालेल. असं वाटणं बरं नाही, बाकीच्या पोरींवर अन्याय आहे, हे कळत असूनही वाटायचं.

गंमत बघा, वर्ग फोनची ॲप बनवायचा आणि वर्गातल्या एकाही पोरीकडे फोन नव्हता. घरोघरी फोन होते, पण ते बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. बनवलेलं चालतं की नाही ते रुपालीच्याच फोनवर बघायचं. सगळ्या पोरी एका फोनवर वाकायच्या, आणि डोक्यांना तेल असायचं, म्हणून घरी गेल्यावर रुपाली आधी पडदा पुसायची.

संस्थेच्या पुण्याच्या मॅडमनी फोनवरून सांगितलं, आपल्या गावाचा एखादा प्रश्न घ्या आणि त्यावर ॲप बनवा. पोरींनी नाना गोष्टी सुचवल्या. सुरभी म्हणाली, "फवारनीचं बनवू. बाबा दरखेपी मलेच हाका मारते, हे किती टाकू अन थे किती टाकू. बाटलीवरची अक्षरं मुंगीयेवढी."

ते साल दोन हजार सतरा. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, वावरात शिरलेला माणूस बाहेरून दिसत नव्हता, आणि बोंडं फोडून बघावीत तर आत गुलाबी अळी. लोक फवारून फवारून कावले होते. जो तो दुसऱ्याला विचारायचा, तू कोणतं मारून राह्यला, किती टाकून राह्यला.

तर सुरभीने ॲप बनवलं. औषध निवडायचं, किती पंप मारायचे ते सांगायचं, आणि खाली उत्तर यायचं, इतके मिली. रुपालीने पाहिलं आणि तिला एक बुद्धी सुचली. चांगली वाटली म्हणूनच सुचली. ती म्हणाली, "सुरभी, मिली कोनाले समजते गं? घरोघरी काय मापाचं भांडं हाय? लोक बाटलीच्या झाकनानं टाकते. तू झाकनात सांग."

वर्गात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. खरंच की! आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईकडून लहान लेकरांच्या औषधाची सिरिंज आणली. नानाजीच्या, म्हणजे सुरभीच्या बापाच्या, रिकाम्या बाटलीचं झाकण राखेने घासून धुतलं, त्यात पाणी भरून मोजलं. सगळ्या पोरी भोवती उभ्या. हिशोब बसवला. आता ॲप म्हणायचं, दोन झाकणं, अडीच झाकणं. मोनालीने वर फुटलेल्या बोंडाचं चित्र काढून दिलं, पांढरंशुभ्र. रुपालीने फोन हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. पोरींनी हे केलं होतं, भांबरखेडच्या पोरींनी, आणि ते भांबरखेडच्या भाषेत बोलत होतं.

खाली नाव टाकायचं होतं, बनवणारीचं. सुरभीचा मोठा भाऊ बंटी तिला घ्यायला आला होता. तो पायरीवरूनच म्हणाला, "नाव कायले? पोरीचं नाव साऱ्या गावाच्या मोबाईलात फिरवता का?" सुरभीने रुपालीकडे पाहिलं. रुपाली वाद घालणार होती. पण पोरीचं उद्याचं येणंच बंद झालं तर? म्हणून ती गप्प बसली आणि नाव राहून गेलं.

बंटीने मात्र ॲप आपल्या फोनात घेतलं. नानाजीसाठी म्हणून घेतलं आणि पानठेल्यावर जाऊन दाखवलं. माझ्या बहिणीने बनवलं असं काही म्हणाला नाही, "मी आनलं," म्हणाला. ह्याच्या फोनातून त्याच्या, त्याच्या फोनातून जावयाच्या, असं करत ते पंधरवड्यात कुठल्या कुठे गेलं. रुपालीचं नाव घेऊन कोणी शाबासकी दिली नाही, पण पानठेल्यावरून जाताना तिला ऐकू यायचं, "पाय बरं, बोंडवालं काय म्हनते?" आणि कोणीतरी म्हणायचं, "तीन झाकन." ती तशीच पुढे जायची आणि घरी येऊन एकटीच हसायची.

हे असं महिनाभर चाललं.

मग एका सोमवारी सुरभी वर्गात आली नाही. मंगळवारी कळलं, नानाजीला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. वावरात फवारता फवारता डोळ्यांपुढे अंधारी आली, धुऱ्यावर, बांधावर येऊन ओकला आणि आडवाच झाला. त्या दिवसांत हे ऐकून कोणाला नवल वाटत नव्हतं, हेच खरं वाईट. दवाखान्यात तशा माणसांच्या रांगा होत्या. पेपरात रोज यायचं. लोक म्हणत, फवाऱ्याची हवा लागली, आणि पुन्हा पंप पाठीवर घेत. बाप्पा, दुसरं करणार तरी काय होते?

बुधवारी सुरभी आली. इतर पोरी गेल्यावर आली, आणि तिने मूठ उघडून टेबलावर दोन झाकणं ठेवली. एक लहान, एक मोठं. लहान झाकण उचलून तिने मोठ्यात ठेवलं. ते आत गेलं, वर कडेला बोटभर जागा उरली.

"हे काय?" रुपालीने विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं होतं.

"आपन मोजलं होतं थे हे लहानं," सुरभी म्हणाली. "थे औषध कृषी केंद्रात संपलं. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचं देल्लं. औषध तेच, मॅडम. झाकन मोठं."

"अगं, पण पंप नवा होता ना? पेट्रोलवाला? त्याचा फवारा लय बारीक उडते. वारा होता. तोंडाले फडकं नव्हतं बांधलं बाबानं." रुपाली भराभरा बोलत होती. जे बोलत होती ते सगळं खरं होतं. डॉक्टरही तेच सांगत होते.

सुरभी ऐकत राहिली. मग म्हणाली, "ड्रमात मीच टाकून देल्लं, मॅडम. बाबा म्हने, तुहं बोंड काय म्हनते? मी पाह्यलं, सांगतलं, अन मीच मोजून टाकलं. दुप्पट पडलं."

त्या क्षणी रुपालीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे अजून कोणाला माहीत आहे. तिला स्वतःची शिसारी आली. पण आला हे खरं. ती भ्याली होती. वर्ग जाईल, समाजमंदिराच्या पायरीवर लोक येऊन उभे राहतील, आधीच कशीबशी बसलेली घडी मोडेल, वरची आळी म्हणेल, बघा, तिकडे पाठवल्या पोरी आणि काय झालं. मग तिने सुरभीकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"झाकन मी सांगतलं होतं तुले," रुपाली म्हणाली. "तुहा काही दोष नाही. माहा हाय."

"हिशोब माहा होता," सुरभी म्हणाली. मग तिने खरी गोष्ट बोलून दाखवली. "मॅडम, थे किती जनाच्या मोबाईलात हाय?"

दोघी लॅपटॉपसमोर बसल्या. ॲप दुरुस्त करायला काही वेळ लागला नाही, टेबलावरचा चहा कोमट होता तोवर झालंही. झाकण काढलं, मिली टाकले, वर लाल अक्षरांत लिहिलं, मापाच्या भांड्याशिवाय टाकू नका. झालं. नवं ॲप बरोबर होतं. पण जुनं? रुपालीने पोरींना बनवायचं कसं ते शिकवलं होतं, पाठवायचं कसं तेही शिकवलं होतं. पाठवलेलं परत कसं बोलवायचं हे तिला स्वतःलाच कोणी शिकवलं नव्हतं.

तिने पुण्याला फोन केला. तिकडच्या मॅडम भल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं, हळहळल्या. मग म्हणाल्या, "प्ले स्टोअरवर टाकलेलं ॲप असतं तर काढता आलं असतं. हे तर एका फोनातून दुसऱ्या फोनात गेलंय. ज्याच्या त्याच्या फोनातूनच काढावं लागेल. तुम्ही गावाच्या ग्रुपवर मेसेज टाका ना." अगदी सोपं! गावाचा ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं होती त्यात. त्यात रुपाली नव्हती, सुरभी नव्हती, भागीरथाबाई नव्हती. बाईमाणूस एकही नव्हतं.

म्हणून ती बंटीकडे गेली. त्यासाठी यवतमाळला जावं लागलं. बंटी दवाखान्याच्या व्हरांड्यात चादर टाकून बसला होता, डोळे तांबारलेले. नानाजी आत. शुद्धीवर होता, पण समोरचं धड दिसत नव्हतं. रुपालीने सगळं सांगितलं. बंटीने पूर्ण ऐकलं आणि आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला.

"मॅडम, तुमी हे कोनाले बोलल्या का?"

"नाही."

"मंग बोलू नका. पाया पडतो तुमच्या."

"बंटी, लोकायच्या मोबाईलात थे हाय. रोज कोनी ना कोनी टाकून राह्यलं. तू फक्त ग्रुपवर लिही, जुनं काढा, नवं घ्या."

"अन काहून काढा, थे नाही इचारनार लोक?" बंटी म्हणाला. "मंग मी काय सांगू? माह्या बहिनीनं बापाले दुप्पट जहर घालून आडवं केलं, असं सांगू? उद्या तिले पाहाले कोन येईन? साऱ्या तालुक्यात नाव होईन, जहरवाली म्हनून. बाबाले फवाऱ्याची हवा लागली. सगळ्यायले लागून राह्यली. तसंच राहू द्या."

रुपालीला राग आला होता. पण बंटी व्हरांड्यातल्या मळक्या चादरीवर बसून बहिणीला वाचवत होता, आणि त्याला दुसरी कोणती तऱ्हा माहीत नव्हती. तिला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. ती म्हणाली, "दुसरं कोनी मेलं तं?" बंटीने मान खाली घातली. "माहा बाप अंदर हाय मॅडम," एवढंच म्हणाला.

गावी परत आली ती सरळ पानठेल्यावर गेली. आयुष्यात कधी तिथे थांबली नव्हती. बाकावर पुंडलिकराव बसले होते, गावातलं मोठं प्रस्थ, कोणाचं वाकडं न करणारा माणूस. बाकी पाच-सहा जण. रुपाली म्हणाली, "काका, थे बोंडवालं ॲप हाय ना मोबाईलात, थे चुकीचं हाय. काढून टाका."

"काहून?" पुंडलिकराव म्हणाले. "चांगलं तं हाय."

"झाकनं सगळ्या कंपन्यायची सारखी नसते. मोठ्या झाकनानं दुप्पट पडते. आमीच बनवलं थे, आमच्या वर्गातल्या पोरीयनं. चूक आमाले आता समजली."

बाकावर एक हसू फिरलं. वाईट हसू नव्हतं ते, कौतुकाचंच होतं जरासं. "तुमी बनवलं?" पुंडलिकराव म्हणाले. "अवं बाई, थे तं वरून आलं. बंटीनं आनलं कुठून तरी. नागपूरचं हाय म्हने."

"आमी बनवलं, काका. थे बोंडाचं चित्र मोनालीनं काढलं."

"बरं, असंन." त्यांनी खिशावर हात ठेवला. "नवं कोनतं हाय?"

रुपालीने आशेने नवं उघडून दाखवलं. पुंडलिकरावांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "हे तं मिलीत हाय. मिली आमाले काय समजते? जुनं बेस हाय. झाकनात हाय." मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, "अन आमी काय आंधळे होऊन टाकतो का? मी तं थे सांगते त्याच्यावर एक झाकन अजून टाकतो. अळी काही मरूनच नाही राह्यली."

रुपाली म्हणाली, "काका, तुमचा मोबाईल द्या जरा, मी काढून देतो." तिने हात पुढे केला होता. बाकावर कोणीतरी खाकरलं. गावातल्या बापईमाणसाच्या खिशातला फोन मागायचा, तोही भर ठेल्यावर, म्हणजे काय ते तिला हात पुढे केल्यावर कळलं. पुंडलिकराव रागावले नाहीत. "जाय बाई घरी," म्हणाले. "लोकं पाहून राह्यले."

एकाने मात्र तिच्यासमोर ॲप काढून टाकलं, तिचं मन राखायला. दुसऱ्या दिवशी पोरींनी सांगितलं, त्याने संध्याकाळीच मेव्हण्याकडून परत घेतलं होतं.

मग पोरींनी आपापल्या घरी सांगून पाहिलं. एकीच्या बापाने काढलं, दुसरीला भावाने टपली मारली, तिसरीला घरात फोनाला हात लावल्याबद्दलच बोलणी बसली. मोनाली रडत आली. तिच्या काकाने ते चित्र तेवढं आवडतं म्हणून ॲप ठेवलं होतं. एवढ्या पोरी, एवढी धडपड, आणि हाती काय लागलं तर दोन फोन, नाहीतर तीन. बाकीचे गावात, आजूबाजूच्या गावांत, कुठे कुठे कोणाच्या छातीवरच्या खिशात. रुपाली रात्री अंथरुणावर पडायची तेव्हा तिला ते खिसे दिसायचे. तिने पेपर वाचणं सोडलं. मग पुन्हा सुरू केलं, कारण न वाचता राहणं त्याहून अवघड होतं. फवारणीने अमक्या गावचा माणूस दगावला, असं वाचलं की ती मनाशी म्हणायची, याच्याकडे नसेल. असेल की नसेल, हे कोण सांगणार होतं?

आठवड्याने ती सुरभीला घेऊन नानाजीला बघायला गेली. सुरभीने हट्टच धरला होता. नानाजीला आता हात धरून बसवता येत होतं. आवाजावरून त्याने लेकीला ओळखलं. "शाळेत जातं ना वं बाई?" म्हणाला. सुरभी त्याच्या पायाशी उभी राहिली. तिला सांगायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण भागीरथाबाई मध्येच म्हणाली, "जाय आता. घरी ढोरं हायत. मॅडमसंग जाय." भागीरथाबाईला माहीत होतं का? रुपालीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

गावाकडे परतायला घेतलेली महागावची येष्टी भरलेली होती. आर्णीला माणसं उतरली तशी दोघींना जागा मिळाली. तिथेच एक माणूस चढला आणि पलीकडच्या सीटवर बसला. पन्नाशीचा, बोलघेवडा, हातात कृषी केंद्राची पिशवी आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली सीताफळं. बसल्या बसल्या त्याने पिशवीतून बाटली काढून निरखली, मग फोन काढला. तिरक्या नजरेने रुपालीला दिसलं. फोनाच्या पडद्यावर मोनालीचं बोंड होतं, पांढरंशुभ्र.

सुरभीनेही पाहिलं. तिने रुपालीचा हात घट्ट धरला. मग सोडला आणि स्वतःच उठून त्या माणसासमोर उभी राहिली. अनोळखी बापईमाणसाशी ही पोरगी कधी बोलली नव्हती.

"काका, थे कुठून आलं तुमच्या मोबाईलात?"

"हे होय?" माणूस खूश झाला. "ढाणकीच्या जावयानं देल्लं. बेस हाय वं. तुह्या बाबाले पायजे का? मोबाईल आन त्यायचा, टाकून देतो."

"काका, त्याचा हिशोब चुकीचा हाय. तुमच्या बाटलीचं झाकन मोठं हाय. त्यानं दुप्पट पडते." तिचा आवाज चढला होता, आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. "मीच बनवलं थे. माहे बाबा त्यानंच दवाखान्यात हायत. मी टाकून देल्लं होतं. त्यायले दिसत नाही आता."

अख्खी येष्टी ऐकत होती. बंटीने जे तोंडातून काढू नका म्हणून हात जोडले होते, ते सगळं पोरीने भर गाडीत बोलून टाकलं. रुपाली उठून तिच्यापाशी गेली. "भाऊ, खरं सांगून राह्यली थे. मी तिची मॅडम हाय. मिलीत मोजून टाका, नाहीतं टाकूच नका."

माणसाने दोघींकडे पाहिलं. त्याचा चेहरा मऊ झाला. इतका मऊ, की रुपालीला वाटलं, पटलं. तो सुरभीला म्हणाला, "बाप दवाखान्यात हाय का तुहा? अरेरे. लेकराच्या मनाले लागलं." मग रुपालीकडे वळून हळू आवाजात, "घाबरली बिचारी. हे तं सरकारी हाय मॅडम, बोंड नाही का त्याच्यावर. एवढी पोरगी काय बनवते?" त्याने रुमाल सोडला, त्यातलं चांगलं पिकलेलं सीताफळ निवडलं आणि सुरभीच्या हातात ठेवलं. "खाय बाई. बरा होईन तुहा बाबा. देव हाय."

"भाऊ, तुमी झाकन मोजून तं पाहा—"

"पाहतो, पाहतो ना मॅडम." त्याने फोन छातीच्या खिशात ठेवला आणि बटण लावलं. "उद्या सकाळी मारतो, तवा पाहतो."

महागाव यायच्या आधी एका फाट्यावर कंडक्टरने घंटी मारली. माणूस उठला, पिशवी सावरली, सुरभीकडे बघून हसला आणि उतरून गेला. गाडी हलली. सुरभी सीताफळ हातात धरून उभीच होती.

"मॅडम," ती म्हणाली, "थे उद्या मारतीन."

रुपाली कंडक्टरवर ओरडली, "थांबवा! गाडी थांबवा!" लोक काय म्हणतील याचं भान राहिलं नाही. गाडी बरीच पुढे जाऊन थांबली. दोघी उतरल्या आणि मागे पळत सुटल्या. फाट्यावर आल्या तेव्हा तिथे कोणी नव्हतं. एक टपरी होती, बंद. वावरांकडे जाणाऱ्या दोन पांदणवाटा आत जात होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी. माणूस चालत गेला की कोणाच्या गाडीवर बसून गेला, कोणत्या गावचा होता, काही माहीत नाही.

"ओ काका!" सुरभीने हाक मारली. तिचा आवाज फाटला. "ओ काका! टाकू नका!"

डावीकडच्या वावरातून पंपाचा आवाज येत होता, तो थांबला. पऱ्हाटीत कोणीतरी "ओ!" केलं. दोघी तिकडे धावल्या, धुऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आतून पुन्हा आवाज आला, "कोन हाय वं?" तो आवाज त्या माणसाचा नव्हता, कोण्या दुसऱ्याच माणसाचा होता. माणूस दिसत नव्हता.

"काका, मोबाईलातलं बोंडवालं वापरू नका!" सुरभी ओरडली. "थे मी बनवलं! चुकलं थे!"

आतला माणूस दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला, "कोनाची पोट्टी हाय कोन जाने." आणि पंप पुन्हा सुरू झाला.